वाचवलेली लेक

“सासूबाई बाहेर थांबतील,” टेबलामागची पोरगी म्हणाली.

“का म्हणून?” मी म्हणाले. “तिच्या छातीचं दुखणं काय आहे ते मला ठाऊक आहे. तिला काही विचारलं की ती नुसती मान खाली घालते.”

“तेच तर. मान खाली का घालते, ते आम्हाला तिच्याच तोंडून ऐकायचंय.”

“अगं बाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तरी ऐकून घे!”

“ओरडू नका आजी. हे सरकारमान्य केंद्र आहे.”

मी ओरडत नव्हते हो. माझा आवाजच तसा. सगळा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. एकदा पट्टा सुरू झाला की समोर उभ्या बाईलाही “बारीक दळू की जाडसर?” हे बोंबलून विचारावं लागतं. घरी जेवायला हाक मारली तरी गल्लीला वाटायचं, शेवंताबाईंच्या घरात भांडण पेटलं. त्या दिवशी तर जीव टांगणीला लागलेला, मग आवाज कुठला खाली यायला? त्या पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं, सुवर्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं.

सुवर्णा माझी सून. मला आत्या म्हणायची. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. तिचे आईबाप ती लहान असतानाच गेले. मामानं वाढवली, लग्न लावलं आणि हात झटकले. माझा मालकही ती घरात आली त्याच वर्षी गेला. पोरगा संपत ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. म्हणजे घरात आम्ही दोघीच. मी दिवसभर तिच्यावर खेकसायची आणि ती गालात हसायची. “आत्या, तुम्ही गप्प बसलात की मला घर खायला उठतं,” म्हणायची. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, पण हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणाले नाही.

पहिली पोर, ईश्वरी, झाली तेव्हा तिचा जीव पार घशाशी आला होता. पुण्याला हलवली. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लहानपणी ताप अंगावर काढल्यामुळं हिच्या काळजाची झडप आवळून गेलीय. “या खेपेला निभावलं. पुन्हा दिवस जाऊ देऊ नका मावशी. हे काळीज दुसऱ्यांदा तो भार ओढायचं नाही.” इतकं साधं बोलले की अडाण्यालाही कळावं. मी संपतला म्हणाले, तू नसबंदी करून घे. त्यानं तोंड फिरवलं. “लोक काय म्हणतील आई?” मी म्हणाले, “लोक काही म्हणायचे नाहीत बाबा, तुझ्या बायकोला खांदा द्यायला येतील.” चार दिवस बोलला नाही माझ्याशी. पुढं जे व्हायचं तेच झालं. ईश्वरी पाच वर्षांची असताना सुवर्णाला पुन्हा दिवस गेले.

मी वेळ घालवला नाही. दुसऱ्याच दिवशी गिरणीला कुलूप लावलं आणि तिला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टर शेळकेबाई होत्या. भली बाई. तपासून म्हणाल्या, “वेळेत आणलंत. करायलाच पाहिजे हे.” माझा जीव भांड्यात पडला. मग त्या अवघडल्या. “पण आधी मायकूस केंद्रात जाऊन या. त्यांनी बोलून पाठवल्याशिवाय इथं गर्भपात करायचा नाही, असं आम्हाला वरून तोंडी सांगितलंय.”

“कुणी?”

“वरून,” त्या परत म्हणाल्या.

कारणही होतं म्हणा. शेजारच्या भागात मुली पाडण्याचं मोठं प्रकरण निघालं होतं. तेव्हापासून गर्भपात म्हटलं की डॉक्टर लोकांना घाम फुटायचा. त्याच सुमारास मृणालताईंचं हे मायकूस केंद्र निघालं आणि सरकारनं त्याला अनुदान दिलं. काम काय, तर पाडायला निघालेल्या बाईला समजावून परत घरी पाठवायचं. सरकारी दवाखान्यात भूल द्यायला माणूस नव्हता, तो आठवड्यातून एकदा बाहेरून यायचा. केंद्राला मात्र फरशी होती, पंखे होते, भिंतभर हसऱ्या बाळांचे फोटो होते.

तर मी दाराबाहेर चपलांपाशी बसले. आतून आधी बोलण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. सुवर्णाच रडत होती. मी उठून दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. मग बऱ्याच वेळानं गाणी ऐकू यायला लागली. डोहाळजेवणाची गाणी! चार-पाच बाया टाळ्या वाजवून म्हणत होत्या. मला काही उमगेना. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं चाललं असेल.

दार उघडलं आणि सुवर्णा बाहेर आली. हातभर हिरवा चुडा, केसांत गजरा, कपाळाला हळदकुंकू. पदरात नारळ, तांदूळ, खारीक, हळकुंड. ओटी भरली होती तिची. आणि तोंडावर असं हसू, की लग्नातसुद्धा मी तिला तशी बघितली नव्हती.

मागून मृणालताई आल्या. गोरीपान, शांत बाई, आवाजात साय. मला हात जोडून म्हणाल्या, “सुवर्णानं निर्णय घेतलाय. ती बाळ ठेवणार आहे. आता भरल्या ओटीनं तिला पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायला लावू नका.”

“आणि तिचं काळीज?”

“आमच्या डॉक्टरांशी बोलू आम्ही. नीट काळजी घेतली तर सगळं होतं. आणि आजी, राग मानू नका, पण पहिली मुलगी आहे म्हणून दुसरीच्या वेळी आजारपणाचं कारण सांगणाऱ्या सासवा आम्ही रोज बघतो.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी! नातीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारी मी! पोटात पोरगा आहे की पोरगी, हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं. मी तोंड उघडलं, आवाज चढला, आणि केंद्रातल्या सगळ्या बाया सुवर्णाभोवती गोळा होऊन उभ्या राहिल्या. जशी काही मी तिला मारणारच होते.

एसटीत ती खिडकीशी बसली, पदर सांभाळत. मी म्हणाले, “सुवर्णा, मरशील गं.”

“नाही मरायची आत्या. त्या म्हणाल्या, आता औषधं आहेत.”

“कुठली औषधं? नाव सांगितलं का कुणी?”

तिनं ओटीतला नारळ चाचपला. मग हळूच म्हणाली, “आत्या, त्यांनी मला पाटावर बसवलं. पाय धुतले माझे. मृणालताई म्हणाल्या, हे तुझं माहेर समज. ईश्वरीच्या वेळी माझी ओटी भरली नव्हती हो कुणी.”

ईश्वरीच्या वेळी मी कपाळाचं कुंकू पुसून बसलेली विधवा. आमच्यात विधवेनं ओटी भरायची नसते, आणि तिला माहेरचं कुणी नाही. शेजारणीला सांगायचं मला सुचलं नाही असं नाही. शेजारीण “बघू” म्हणाली आणि तिनं बघितलं नाही. ही पोर इतकी वर्षं ते मनात धरून होती आणि मला पत्ताच नव्हता.

“ओटीसाठी जीव देतात का गं वेडे?” मी म्हणाले.

“जीव नाही देत. राहू द्या ना आत्या. एकदाच.”

पुढच्या आठवड्यात मी तिला हाताला धरून पुन्हा शेळकेबाईंकडं नेली. त्यांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. धोका किती, कधी, कसा. सुवर्णा ऐकत होती आणि हातातला चुडा फिरवत होती. शेवटी म्हणाली, “मला ठेवायचंय.” शेळकेबाईंनी माझ्याकडं बघून हात टेकले. “बाई नको म्हणत असेल तर मी हात लावू शकत नाही मावशी. कायदाच तसा आहे, आणि तो बरोबर आहे.” बरोबर असेल. पण तिला गोंजारणारं खोटं आणि घाबरवणारं खरं यातलं आधी तिच्या कानात काय गेलं, याला कायद्यात काही जागा नव्हती.

संपतला फोन केला. तो खूश! “देवाच्या मनात असेल तर होऊ दे आई.” मी म्हणाले, “देवाला बाळंतपण करायचं नाही, तुझ्या बायकोला करायचंय.” फोन कट झाला.

आणि एका सकाळी गिरणीवर हवालदार आला. दळणाला बायांची ही गर्दी. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “आजी, सुनेला पाडायला लावताय म्हणे? केंद्रातून तक्रार आलीय. गुन्हा आहे हा. आत टाकतील या वयात.”

मी पट्टा बंद केला. पहिल्यांदाच गिरणीत इतकं शांत झालं. म्हणाले, “साहेब, तिला काळजाचा आजार आहे.”

“सगळ्या हेच सांगतात,” तो म्हणाला आणि फटफटीला किक मारून गेला.

बायांनी आपापले डबे उचलले. त्या दिवसापासून गावात झालं, म्हातारीला नातू पाहिजे, म्हणून सुनेच्या जिवावर उठलीय. ज्या बायांच्या चार-चार पोरींची दळणं मी उधारीवर दळली, त्यांनीही ते खरं मानलं. सासू वाईटच असते, हे पटवायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत. दुसरं करणार काय? तिला बसून खायला घातलं, पाण्याची कळशी उचलू दिली नाही, पायावर सूज दिसली की पाय चोळून दिले. केंद्राची जीप यायची, खजुराचा डबा आणि पावडर ठेवून जायची, सुवर्णाचा फोटो काढून न्यायची.

सहावा सरला आणि तिला आडवं पडवेना. उताणी निजली की दम लागायचा. पिठाच्या पोत्यांना टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायची. ओठ जांभळट दिसायला लागले. एका दुपारी मी भाकरी थापत होते, तेव्हा ती मागून म्हणाली, “आत्या, मला भीती वाटायला लागलीय.”

मी हातातली भाकरी परातीत टाकून वळले.

“आपण शेळकेबाईंकडं परत जाऊ या का? त्या तेव्हा म्हणत होत्या ते आता नाही का करता यायचं?”

देवा, हे वाक्य ऐकायला मी किती दिवस कान टवकारून बसले होते! आणि आलं ते कधी, तर सगळं हातचं गेल्यावर. तवा तसाच चुलीवर टाकून मी रिक्षा आणली. शेळकेबाईंनी बराच वेळ छातीवर नळी धरली. मग म्हणाल्या, “आता काढणंही तितकंच जिवावरचं आहे. इथं थांबू नका. थेट पुण्याला न्या.”

खोटं कशाला बोलू, जीप मृणालताईंनीच दिली. स्वतः सोबत आल्या. वाटभर सुवर्णाचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत बसल्या होत्या. ती बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं. शिव्या तरी पोटभर दिल्या असत्या.

पुण्याच्या दवाखान्यात आत नेताना सुवर्णानं माझा पदर धरला. बोलायला दम पुरत नव्हता तिला. “आत्या, रागावलात?”

“नाही गं माझे राणी,” मी म्हणाले. “मी कधी रागावलेच नाही. माझा आवाजच तसा.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

पोट फाडून पोर काढली. वीतभर, पण रडली. संध्याकाळ व्हायच्या आत तिची आई गेली. डॉक्टर बाहेर आले. तरुण पोरगाच होता. तोंडावरचा मास्क रागानं ओढून काढला. मला म्हणाला, “या बाईला इथपर्यंत येऊच कसं दिलंत तुम्ही?” मृणालताई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

पुढं वर्षभरात केंद्राच्या अनुदानावर बोंबाबोंब झाली. कुणी पेपरात लिहिलं, देशमाने नावाच्या वकीलबाईंनी अर्ज केला, आणि अनुदान ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला समिती आली. पंचायत समितीच्या सभागृहात मलाही बोलावलं. धाकटीला, तन्वीला, कडेवर घेऊन गेले. ठेवणार कुणाजवळ? संपतनं तोवर दुसरं घर केलं होतं.

देशमानेबाई कडाडून बोलल्या. म्हणाल्या, “दवाखान्यात भूल द्यायला डॉक्टर नाही आणि सरकारचा पैसा नारळ-बांगड्यांवर जातो. बाईला खरं सांगायला पैसा द्या, तिला फिरवून पाठवायला नको.” मला वाटलं, आता बंद होतंय हे.

मग मृणालताई उठल्या. त्यांनी एका बाईला पुढं आणलं, कडेवर गुबगुबीत पोरगी. ती बाई रडत सांगायला लागली, सासूनं तपासणी करून आणली होती, मुलगी आहे म्हणून पाडायला लावत होती, केंद्रानं आसरा दिला म्हणून ही पोर आज आहे. खरं बोलत होती ती. डोळ्यांत दिसतं माणसाच्या. तिची सासू तशी होती. मी तशी नव्हते. पण केंद्राच्या दाराला ही अन् ती सासू वेगळी ओळखण्याची सोय नव्हती.

समितीचे साहेब माझ्याकडं वळले. “आजी, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण एक सांगा. ही कडेवरची नात. ही तुम्हाला नको आहे का?”

तन्वी माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी खेळत होती. आता तिला कडेवर घेऊन मी काय बोलायचं होतं?

“हवी आहे साहेब,” मी म्हणाले.

“झालं तर मग.”

“पण साहेब, सून पण—”

“बसा आजी,” ते म्हणाले. पुढचं नाव पुकारलं होतं.

अनुदान चालू राहिलं. पुढच्या साली वाढलं, केंद्राला वरचा मजला बांधून मिळाला. शेळकेबाईंची बदली झाली.

तन्वी आता सातवीत आहे. आईच्याच वळणाची, गालात हसणारी. दर वर्षी केंद्राचा वाढदिवस असतो, तेव्हा तिला न्यायला गाडी येते. स्टेजवर बसवतात, फेटा बांधतात, मृणालताई तिला जवळ घेऊन माईकवर सांगतात, ही आमची वाचवलेली लेक. मी पाठवत नव्हते आधी. पण पोर हट्ट करायची, नवा ड्रेस मिळतो, सगळे टाळ्या वाजवतात. दुसरीकडं कुठं तिला कुणी टाळ्या वाजवतं?

या वर्षी ती तिथून आली. जेवायला बसलो. ईश्वरी शिकायला साताऱ्याला असते, आम्ही दोघीच होतो. घास हातात धरून म्हणाली, “आजी, त्यांनी मला वाचवलं म्हणतात. कुणापासून वाचवलं?”

खोटं बोलता आलं असतं. आजारापासून म्हणाले असते, खपून गेलं असतं. पण गावात सांगायला तोंडं खूप आहेत. त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं.

“माझ्यापासून,” मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. आईच्या काळजाची झडप, पुण्याचे डॉक्टर, केंद्र, ओटी, हवालदार, त्या दुपारी तिची आई काय म्हणाली ते. पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलले असेन. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे तुला आई पाहिजे होती.”

“हो बाळा.”

“आणि मी नको.”

“अगं, तू तेव्हा कुठं होतीस!”

“होते की,” ती म्हणाली.

ताट उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिथंच जेवली. हाक मारली की ओ देते, सांगितलं ते काम करते. त्या दिवसापासून माझ्या पंगतीला बसत नाही.